सतरा शब्द

तर मंडळी, या शनिवारी कोड, क्लायंट आणि हिंजवडीचं ट्रॅफिक या तिन्ही विषयांना सुट्टी. आज पेशीबद्दल लिहितोय. बारावीला 'बायो नको रे बाबा' म्हणून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या माणसाने पेशीबद्दल लिहावं म्हणजे जरा जास्तच आहे, पण विषय खरं तर पुस्तकाचा आहे. आणि माझ्या एका चुकीचा.

माझी धाकटी बहीण गेल्या वर्षी बी.एस्सी.ला आमच्याकडे राहायला आली. आमचं गाव तासगावकडचं, घरची द्राक्षबाग. छोटी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, विज्ञानात कायम पहिली. आण्णांनी (आमचे वडील) तिला पाठवताना एकच अट घातली होती. "एक वर्ष बघू. जमलं तर ठीक, नाहीतर परत ये." परत ये म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. दोन स्थळं तेव्हाच येऊन गेली होती.

थेरगावात डांगे चौकापासून आत आमचा वन बीएचके. हॉलमधल्या दिवाणावर तिचं राज्य. कॉलेज बसने अर्ध्या तासावर. सगळं झकास चाललंय असं मी समजत होतो. सप्टेंबरात पहिली इंटर्नल झाली आणि सेल बायॉलॉजीत तिला तीसपैकी अकरा मिळाले. तिने ते चार दिवस सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा वहिनीला सांगितलं, आणि वहिनीने मला.

आता इंजिनीअर माणूस अशा वेळी काय करतो? प्रॉब्लेम ऐकून घेण्याआधीच सोल्युशन ऑर्डर करतो. मी रात्री दोन तास बसून 'सेल बायॉलॉजीचं सगळ्यात चांगलं पुस्तक कुठलं' ते शोधलं. सगळीकडे एकच उत्तर: 'मॉलेक्युलर बायॉलॉजी ऑफ द सेल'. ब्रूस अल्बर्ट्स आणि मंडळींचं. पहिली आवृत्ती १९८३ ची, तेव्हाच्या लेखकांत डीएनएवाला जेम्स वॉटसनसुद्धा होता. सातवी आवृत्ती २०२२ ची. जगभर या पुस्तकाला नुसतं 'अल्बर्ट्स' म्हणतात, जसं आपण 'कर्निघन-रिची' म्हणतो. आणि लेखक मंडळी भलतीच रसिक. चौथ्या आवृत्तीच्या मागच्या कव्हरवर त्यांनी बीटल्सच्या अल्बमची नक्कल केली आहे. मी खूश. किंमत इथे लिहीत नाही, बायको हा ब्लॉग वाचते.

पुस्तक आलं. हजाराच्या वर पानं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितलं, तीन किलोच्या आसपास भरलं. छोटीने दोन्ही हातांनी घेतलं, "दादा, केवढं भारी आहे रे!" म्हणाली, आणि मी कृतकृत्य झालो.

महिन्याभराने बायकोने मला हॉलमध्ये बोलावून दाखवलं. दिवाणावर गादीच्या कडेला घडी घातलेला दुपट्टा, आणि त्याच्यावर अल्बर्ट्स. इस्त्री वाचवायला.

मला आधी हसू आलं, मग राग. (पैसे आठवले हो.) संध्याकाळी मी विचारलं, "वाचतेस ना ते पुस्तक?" ती म्हणाली, "हो." मी म्हणालो, "कुठपर्यंत आलीस?" त्यावर ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "दादा, पहिल्या पानावर सतरा शब्द अडले. मी मोजले. नऊ डिक्शनरीत मिळाले. त्यातल्या पाचांचे अर्थ कळले नाहीत. एवढं महाग आणलंस, कसं सांगणार?"

खरं सांगतो, मला माझी पहिली नोकरी आठवली. जॉईन झालो त्या आठवड्यात सीनियरने एका प्रोटोकॉलची नऊशे पानांची पीडीएफ पाठवली, "वाचून घे." मी पंधरा दिवस "वाचतोय सर, चालू आहे" म्हणत होतो आणि रात्री खोलीवर येऊन घाबरत होतो. शेवटी शेजारच्या टेबलवरच्या मुलाने दोन पानी नोट दिली आणि म्हणाला, "आधी हे चालवून बघ, अडलास की पीडीएफ उघड." तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं. शिकायला लागतं ते पुस्तक वेगळं आणि शोधायला लागतं ते वेगळं, हे मला तेव्हा पंधरा दिवसांत कळलं होतं. आणि तरी मी बहिणीला तीच पीडीएफ दिली. तीही छापील, हार्डबाऊंड.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं डांगे चौकातून बसने मनपाला उतरलो आणि शनिवारवाड्यावरून चालत अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुठली युनिव्हर्सिटी? कितवं सेम?" मी म्हणालो, "काका, सिलॅबसचं नको, सेल बायॉलॉजीची तुमच्याकडे जेवढी आहेत तेवढी दाखवा." त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने बघितलं, पण काढली.

यावेळी मी एकच शहाणपणा केला. निवडायचं काम माझं नाही, असं ठरवलं. मी फक्त टेस्ट केस दिली: एकच विषय, 'पेशीत ऊर्जा कशी तयार होते', प्रत्येक पुस्तकात काढायचा, तिथेच उभं राहून दोन पानं वाचायची, आणि पुस्तक मिटून मला मराठीत सांगायचं. ज्या पुस्तकानंतर सांगता येईल, ते आपलं.

पहिलं वर्मा-अग्रवाल. एस. चंदचं, आपल्याकडे बी.एस्सी. केलेल्या कुणाला हे माहीत नाही असं होणार नाही. एकाच पुस्तकात सेल बायॉलॉजी, जेनेटिक्स, मॉलेक्युलर बायॉलॉजी, इव्होल्युशन आणि इकॉलॉजी. व्याख्या, प्रकार, मुद्दे, सगळं परीक्षेला लागतं तसं मांडलेलं. छोटीने वाचलं आणि सांगितलं ते मुद्दे होते, गोष्ट नव्हती. "पेपरात लिहिता येईल," ती म्हणाली, "पण का होतं ते नाही कळलं."

दुसरं सेकंडहँड ढिगातलं, डी रॉबर्टिस, १९८० ची आवृत्ती, पानं पिवळी पडलेली, दीडशे रुपये. यात प्रत्येक गोष्ट कुणी कशी शोधली ते येतं, त्यामुळे वाचायला मजा येते. हे डी रॉबर्टिस अर्जेंटिनाचे. त्यांचं मूळ पुस्तक १९४६ साली ब्युनोस आयर्सला स्पॅनिशमध्ये निघालं आणि इंग्रजीत नंतर आलं. हे मी मोबाईलवर वाचून तिला सांगितलं तर ती एकदम थांबली. "म्हणजे हे आधी इंग्रजीत नव्हतंच?" नव्हतं. जगभरच्या पोरांनी पेशी ज्या पुस्तकातून शिकली, ते मुळात दुसऱ्याच भाषेत लिहिलेलं होतं. तिने ते दीडशे रुपयांचं पुस्तक घट्ट धरूनच ठेवलं.

तिसरं 'इसेन्शियल सेल बायॉलॉजी'. गंमत बघा, हेही अल्बर्ट्स कंपूचंच, १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी मुद्दाम सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिलेलं धाकटं भावंड. छोटी वाक्यं, पानोपानी चित्रं, मधेमधे प्रश्न आणि शेवटी उत्तरं. एक जुनी आवृत्ती मिळाली, आधीच्या मालकाने पहिल्या तीन प्रकरणांत पिवळा हायलायटर फासलेला आणि पुढे पुस्तक कोरं. (त्याचंही आमच्यासारखंच झालं असावं.) छोटीने दोन पानं वाचली, मिटलं, आणि मला सांगायला लागली. अडखळत, पण सांगितलं. दुकानदार काकासुद्धा ऐकत होते. म्हणाले, "घ्या हेच."

तर आम्ही तिन्ही घेतली. एक समजायला, एक पेपरला, एक प्रेमापोटी. आणि घरी अल्बर्ट्स होतंच, अपिलाला सुप्रीम कोर्टासारखं.

आता वापराचं सांगतो, कारण पुस्तक घेणं सोपं असतं. (माझ्या शेल्फवर अल्गोरिदम्सचं एक अजून प्लास्टिकमध्ये आहे.)

पहिलं म्हणजे तिची वही. तीन रकाने. इंग्रजी शब्द, शाळेतला मराठी शब्द, आणि 'हे काय करतं'. ही आयडिया तिचीच. कारण झालं असं की लायसोसोम या शब्दावर ती दोनदा अडकली, आणि मग एकदम म्हणाली, "अरे, ही लयकारिका!" लय करणारी. नावातच काम आहे. इंग्रजी शब्दही ग्रीकमधून तोच अर्थ घेऊन आलाय, पण ते आपल्याला कोण सांगणार? मायटोकॉन्ड्रिया म्हणजे तंतुकणिका: काही तंतूंसारख्या, काही कणांसारख्या दिसतात म्हणून. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही अगदी हाच. जे मराठी शब्द आपण बारावीनंतर ओझं म्हणून टाकून देतो, त्यांनी तिचं निम्मं काम केलं. सतरापैकी सहा शब्द तिला आठवीपासून येत होते, फक्त दुसऱ्या कपड्यात होते.

दुसरं म्हणजे प्रश्न आधी, पान नंतर. हे आम्हाला एका साईटने शिकवलं. अमेरिकेच्या एनसीबीआयच्या 'बुकशेल्फ'वर अल्बर्ट्सची २००२ ची चौथी आवृत्ती फुकट वाचता येते, पण एक मेख आहे. पानं उलटता येत नाहीत. शब्द टाकून शोधायचं, आणि सापडेल तो भाग वाचायचा. मला आधी हा चावटपणा वाटला. मग लक्षात आलं की जाड पुस्तक असंच वाचायचं असतं. प्रश्न नसेल तर दार उघडतच नाही.

आणि प्रश्न कसा येतो ते सांगतो. एका गुरुवारी लाईट गेली होती, आम्ही गॅलरीत बसलो होतो, पवनेवरून वारा येत होता (वासासकट). मी माझं ज्ञान पाजळत होतो. "हे बघ, तंतुकणिका म्हणजे कोयना. आतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवलेत, म्हणजे धरण. ते परत आत येतात एका बोगद्यातून, आणि येताना टर्बाईन फिरवतात. त्या टर्बाईनचं नाव एटीपी सिंथेस." आणि हे नुसतं रूपक नाही बरं का, ते प्रथिन खरोखर फिरतं, सेकंदाला शंभरहून जास्त फेरे. ही साठवण्याची कल्पना पीटर मिचेलने १९६१ साली मांडली तेव्हा बहुतेकांना पटली नव्हती, नोबेल मिळायला १९७८ उजाडलं. टर्बाईन कसं चालतं त्याबद्दल बॉयर आणि वॉकर यांना १९९७ साली मिळालं. तुमच्या-माझ्या शरीरात दिवसभरात साधारण आपल्या वजनाइतका एटीपी बनतो आणि खर्च होतो.

छोटी ऐकत होती. म्हणाली, "कोयनेचं वीज केलेलं पाणी कोकणात जातं, परत धरणात येत नाही. इथे तर प्रोटॉन परत बाहेर टाकावे लागणार. आणि धरण पावसाने भरतं. इथे कोण भरतं?"

मी गप्प. तीस वर्षांचा इंजिनीअर, टॉर्चच्या उजेडात गप्प.

त्या रात्री पहिल्यांदा दुपट्ट्यावरून अल्बर्ट्स उचललं गेलं. आम्ही दोघांनी मिळून तेवढीच चार-पाच पानं वाचली. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पडद्यातल्या प्रथिनांच्या एका साखळीतून हातोहात जातात, आणि जाता जाता त्यांच्या उर्जेवर प्रोटॉन बाहेर उपसले जातात. शेवटी ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजन घेतो. आपण श्वास घेतो तो मुख्यतः एवढ्यासाठी! पडदा फक्त पाचेक नॅनोमीटर जाड आणि त्याच्या दोन बाजूंत दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास फरक. मी कॅल्क्युलेटरवर भागाकार केला: मीटरला तीन कोटी व्होल्ट. दोनदा केला, तेच उत्तर. छोटी म्हणाली, "बघ, तुझ्या कोयनेत हे नाही." आणि खरंच नाही. धरणात पाणी फक्त उंचीमुळे ढकललं जातं, इथे गर्दी आणि वीज दोन्ही ढकलतात. रूपक कुठे मोडतं ते कळलं की समजायचं, विषय कळायला लागला.

तिसरं, पुस्तकाचं साल बघायचं. डी रॉबर्टिसमध्ये तिने 'सायक्लिन' शोधलं, इंडेक्समध्ये नावच नाही. पुस्तकाची चूक? छे. सायक्लिन टिम हंटला समुद्री अर्चिनच्या अंड्यांत सापडलं १९८२ साली, आणि पुस्तक १९८० चं. हंटला २००१ साली हार्टवेल आणि नर्सबरोबर नोबेल मिळालं. त्या दिवसापासून तिला जुन्या पुस्तकाचा राग येत नाही, उलट काय नाही ते शोधायची खोड लागली आहे. क्रेब्ज सायकल, पेशीविभाजनाची चित्रं, प्रयोगांच्या हकिकती: जुन्यात बिनधास्त वाचा. विभाजनाचं नियंत्रण, प्रथिनांची वाहतूक असलं काही असेल तर नवीन उघडा.

तुम्ही म्हणाल, मग मार्कांचं काय? दुसऱ्या इंटर्नलला तीसपैकी एकोणीस. चमत्कार वगैरे काही नाही. वर्मा-अग्रवाल शेवटचे चार दिवस घोटावंच लागलं, कारण पेपर 'फरक स्पष्ट करा' असाच येतो. पण फरक आधी कळला असेल तर स्पष्ट करायला कमी घोटावं लागतं, एवढं नक्की.

आता शेवटचं, आणि हे लिहिण्यासाठीच आज बसलो.

नोव्हेंबरात आण्णांचा फोन आला. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग फुलोऱ्याकडे चाललेली, त्यात ढगाळ हवा आणि पाऊस. म्हणजे डाऊनीची धास्ती. फोन मला होता, पण स्पीकरवर होता. आण्णा वैतागून सांगत होते की एवढं महागाचं औषध तीनदा मारलं, पहिल्यासारखा गुण येईना. छोटी मधेच म्हणाली, "आण्णा, बाटलीचा फोटो पाठवा." फोटो आला. नाव अझॉक्सीस्ट्रॉबिन. ती पुस्तकं घेऊन बसली, मग मोबाईल, मग परत पुस्तक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनेच फोन लावला.

"आण्णा, हे औषध रोगाच्या तंतुकणिकेत जाऊन बसतं. तिथं एक साखळी असती, तिच्यातली मधली कडी बंद करतं. मग प्रोटॉन उपसायचं थांबतं, धरण रिकामं होतं, टर्बाईन बंद. त्याला शक्ती मिळत नाही."

"व्हय?" पलीकडून आण्णा.

"हा. आणि याचा मूळ रेणू कशात सापडला माहितीय? अळंबीत. पाईनच्या बोंडावर उगवते तसल्या. बुरशीनं बुरशीला मारायला केलेलं विष."

"मग मरंना का झालंय?"

"मेलं नाही असं मी इथं बसून कसं सांगू. पण एक होऊ शकतं. त्या कडीच्या प्रथिनात एका ठिकाणी ग्लायसिन जाऊन अलॅनिन आलं, तर औषध तिथं बसतच नाही. डीएनएतलं एक अक्षर बदललं की होतं ते. एकच औषध सारखं मारलं की बाकीचे मरतात आणि तेवढेच उरतात, मग त्यांचीच पिल्लावळ. म्हणून पुढची फवारणी वेगळ्या गटाची घ्या. नाव वेगळं नाही, गट वेगळा. कंपनी वेगळी, नाव वेगळं, पण आत हेच, असंही असतं. दुकानात जायच्या आधी कृषी खात्याच्या साहेबांना विचारा."

पलीकडे शांतता. आमच्या आण्णांना शांत करणं सोपं नाही.

"एक अक्षर?" त्यांनी विचारलं.

"एक."

"हे कॉलेजात शिकिवलं?"

"तंतुकणिका शिकवली. साखळी पुस्तकात मिळाली. उरलेलं शोधलं."

मग आण्णा पावसाबद्दल बोलले, मजुरांबद्दल बोलले, आईला फोन दिला, परत घेतला. ठेवताना म्हणाले, "ते पुस्तक कितीला पडलं?" मी घाईघाईने मधे पडून दीडशेचा आकडा सांगितला. (खोटं नाही, एक पुस्तक दीडशेचंच आहे.)

"स्वस्त हाय की," आण्णा म्हणाले. "मग पुढच्या वर्षाची बी आत्ताच बघून ठेवा. नंतर मिळत न्हाईत."

फोन ठेवला. छोटी काहीच बोलली नाही, वही उघडून बसली. मी चहा टाकायला आत गेलो, कारण मलाही काही बोलता येत नव्हतं.

असो. पुढच्या शनिवारी परत अप्पा बळवंत चौक. जेनेटिक्सची टेस्ट केस काय द्यावी, सुचत असेल तर सांगा. दुपट्टा अजूनही अल्बर्ट्सखालीच असतो, पण हल्ली त्याची घडी काही नीट बसत नाही म्हणून बायकोची तक्रार आहे.